वाढलेला जीन नेमका कोणत्या पेशीचा? गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा डेटा वाचताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लातूरला एम.एस्सी. बायोइन्फॉर्मेटिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहात, प्रयोगशाळेत काम करायची सोय नाही, हाताशी फक्त लॅपटॉप आहे. जीईओ या जीन-मोजमापांच्या सार्वजनिक साठ्यावरून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे तीन डेटासेट उतरवले, ट्यूमर आणि नॉर्मल यांची तुलना केली, स्ट्रिंग या प्रथिनांच्या परस्परसंबंधांच्या साठ्यात जाळं बांधून सर्वाधिक जोडण्यांचे दहा ‘हब जीन’ काढले आणि सिबरसॉर्ट या साधनावर इम्यून, म्हणजे रोगप्रतिकारक, पेशींचं प्रमाण काढलं. आता मार्गदर्शक विचारतात, यात नवीन काय? आणि घरचे विचारतात, आपल्याकडच्या बायकांना याचा उपयोग काय?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पहिल्यापासून सुरू करतो.

तुमची यादी मी पाहिलेली नाही, तरी तिच्यातली बरीचशी नावं सांगता येतील: टॉप-२-ए, सीडीके-१, सीसीएनबी-१, एमसीएम-२, ऑरोरा कायनेज-ए. कारण सरळ आहे. एचपीव्हीचं, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूचं, ई-७ हे प्रथिन पेशीतल्या आरबी प्रथिनाला धरतं. आरबीने दाबून ठेवलेला ई-२-एफ मोकळा सुटतो आणि पेशी-विभाजनाची सगळी यंत्रणा एकदम चालू होते. त्याच वेळी ई-६ हे दुसरं प्रथिन पी-५३ची विल्हेवाट लावतं, त्यामुळे या विभाजनाला अडवणारं कुणी उरत नाही. असा ट्यूमर शांत बसलेल्या नॉर्मल ऊतीशेजारी ठेवला की विभाजनाचेच जीन वर येणार. त्यात स्ट्रिंगमध्ये या जीनच्या जोडण्या सगळ्यांत दाट आहेत, कारण जगभर अभ्यासही त्यांचाच सर्वाधिक झालाय. जोडण्या मोजून क्रम लावला की तीच मंडळी पुढे. यकृताचा, फुप्फुसाचा किंवा स्तनाचा कॅन्सर घ्या, यादी फारशी बदलणार नाही.

शिवाय हे जीन पॅथॉलॉजीवाल्यांना जुने आहेत. टॉप-२-ए आणि एमसीएम-२ ओळखणाऱ्या अँटीबॉडींचं ‘प्रोएक्स सी’ नावाचं किट केव्हाच बाजारात येऊन गेलं. पी-१६ आणि केआय-६७ या जोडीच्या स्टेनला (पेशीतलं प्रथिन रंगवून पाहण्याच्या पद्धतीला) अमेरिकेत २०२० साली मंजुरी मिळाली. एचपीव्ही पॉझिटिव्ह आलेल्या स्त्रियांपैकी पुढच्या तपासणीला कुणाला पाठवायचं, हे ठरवायला तो वापरतात. तेव्हा तुमची यादी चूक नाही. पाइपलाइन नीट चालल्याची ती खूण आहे. उलट पी-१६, म्हणजे सीडीकेएन-२-ए, वर आलाच नसता, तर नमुन्यांची लेबलं उलटसुलट झालीत का, हे मी आधी तपासलं असतं. फक्त ‘नवे बायोमार्कर’ म्हणून ही नावं थिसिसमध्ये घालू नका. मार्गदर्शकांचा प्रश्न तिथेच आहे आणि त्यांचं बरोबर आहे.

या विषयात खरं काम पुढे सुरू होतं. डेटातला प्रत्येक आकडा ट्यूमरच्या एका तुकड्यातून आलेला असतो. त्या तुकड्यात कॅन्सरच्या पेशी असतात, तसेच फायब्रोब्लास्ट (आधार-ऊतीच्या पेशी), रक्तवाहिन्या, टी पेशी आणि मॅक्रोफेज या इम्यून पेशी, कधी शेजारची निरोगी उपकला (अस्तराची ऊत) ही असते. धपाट्यासाठी ज्वारी, गहू आणि हरभरा एकत्र दळून आणला, की पिठात कोणतं धान्य किती, हे नुसतं बघून सांगता येत नाही. चवीवरून अदमास घ्यावा लागतो. सिबरसॉर्टसारखी साधनं तोच अदमास गणिताने घेतात. ‘अमुक जीन दुप्पट झाला’ असा निकाल समोर आला, की दोन शक्यता असतात: एकेका पेशीत तो जीन जास्त चालू झाला, किंवा तो जीन मुळातच चालू असलेल्या पेशी तुकड्यात जास्त आल्या. औषधाच्या दृष्टीने या दोन्हींचा अर्थ वेगळा निघतो आणि डिफरन्शियल एक्सप्रेशनच्या, म्हणजे दोन गटांतल्या जीन-पातळीच्या फरकाच्या, तक्त्यात दोन्ही हुबेहूब सारख्याच दिसतात.

याचं एक उदाहरण मी विद्यार्थ्यांना नेहमी देतो. जीएसई-६३५१४ हा डेटासेट तुमच्या तिघांत बहुधा असेलच. नॉर्मल, सीआयएन-१ ते सीआयएन-३ (कॅन्सरपूर्व बदलांच्या चढत्या पायऱ्या) आणि कॅन्सर अशा सगळ्या पायऱ्यांचे मिळून १२८ नमुने त्यात आहेत. २०१५ साली त्यावरचा शोधनिबंध आला. इस्ट्रोजेन रिसेप्टर अल्फाचा जीन, म्हणजे ईएसआर-१, नॉर्मलपासून कॅन्सरपर्यंत १५ पटींहून अधिक घटलेला दिसला. एवढ्यावर कुणी म्हणेल, या आजारात इस्ट्रोजेनचा विषय संपला. पण लेखक तिथे थांबले नाहीत. त्यांनी ऊतीवर स्टेन करून पाहिलं, तर कॅन्सरच्या पेशींतून रिसेप्टर गेला होता आणि भोवतालच्या स्ट्रोमाच्या, म्हणजे आधार-ऊतीच्या, पेशींत तो शेवटपर्यंत टिकून होता. म्हणजे इस्ट्रोजेनचा निरोप ट्यूमरपर्यंत शेजारच्या पेशींमार्फत पोचत असावा, असा निराळाच विचार पुढे आला. एक जीन, एक आकडा, आणि तो कोणत्या पेशीचा हे विचारल्यावर कथा पार बदलली. तुमच्या थिसिसचा कणा हाच प्रश्न असू द्या.

आता सिबरसॉर्ट. २०१५ साली आलेलं हे साधन एलएम-२२ नावाच्या संदर्भ-तक्त्यावर चालतं: ५४७ जीन, २२ प्रकारच्या इम्यून पेशी. हा तक्ता मुख्यतः रक्तातून वेगळ्या काढलेल्या पेशींवरून आणि मायक्रोअॅरेच्या (जीन मोजायच्या चिपच्या) आकड्यांवरून बनलाय. त्यात उपकला नाही, फायब्रोब्लास्ट नाही. गर्भाशयमुखाच्या अस्तरात पहारा देणाऱ्या लँगरहान्स पेशींचाही स्वतंत्र रकाना नाही, आणि एचपीव्हीशी पहिली गाठ पडते ती त्यांचीच. त्यामुळे ‘डेंड्रिटिक सेल कमी झाल्या’ एवढ्यावर फार मोठा निष्कर्ष उभा करू नका.

त्याहून मोठी गफलत टक्क्यांची. सिबरसॉर्टच्या नेहमीच्या पद्धतीत २२ प्रकारांची बेरीज १ येते. म्हणजे हे प्रमाण फक्त इम्यून पेशींपुरतं असतं, सबंध ट्यूमरमधलं नसतं. कागदावर करून पाहा. एका ट्यूमरमध्ये १,००० पेशींपैकी ४०० इम्यून पेशी आहेत आणि त्यांत सीडी-८ (मारेकरी) टी पेशी ८०. दुसऱ्यात १,००० पैकी इम्यून पेशी फक्त ५०, त्यांत सीडी-८ पेशी २०. सिबरसॉर्ट पहिल्याला ०.२० देईल, दुसऱ्याला ०.४०. तक्ता वाचणारा म्हणेल, दुसऱ्या बाईच्या ट्यूमरमध्ये मारेकरी टी पेशी दुप्पट. प्रत्यक्षात त्या चौपटीने कमी आहेत. सीडी-८चं प्रमाण आणि आयुर्मान यांचा संबंध जोडणारे कितीतरी आलेख या एका कारणाने डळमळतात.

म्हणून एकट्या सिबरसॉर्टवर विसंबू नका. एस्टिमेट या दुसऱ्या साधनाने एकूण इम्यून आणि स्ट्रोमाचा अंश पाहा. एमसीपी-काउंटरचा स्कोअर नमुन्या-नमुन्यांची तुलना करायला जास्त सरळ पडतो. एपिकमध्ये ‘इतर पेशी’ म्हणून कॅन्सरलाही जागा ठेवलेली आहे. तीन साधनं एकाच दिशेला बोट दाखवत असतील तरच ते निरीक्षण मुख्य निकालात घ्या. आणि हो, सिबरसॉर्टला लॉग घेतलेले आकडे देऊ नका; आरएनए-सीक्वेन्सिंगचा डेटा असेल तर क्वांटाइल नॉर्मलायझेशन (सगळ्या नमुन्यांचं वितरण सारखं करणं) बंद ठेवा. तुलना करणाऱ्या डीईसीक-२ या पॅकेजला मात्र कच्चे काउंट लागतात, टीपीएम (समान मापावर आणलेला आकडा) चालत नाही. परीक्षक पहिल्या फेरीत हेच विचारतात.

नॉर्मल नमुन्यांबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सगळी तुलना त्यांच्यावर उभी असते. टीसीजीए या अमेरिकी कॅन्सर-जीनोम प्रकल्पाच्या गर्भाशयमुख-कॅन्सर संचात ट्यूमर तीनशेच्या वर आहेत आणि नॉर्मल फक्त ३. म्हणून लोक जीटेक्स या नॉर्मल ऊतींच्या प्रकल्पातले नमुने आणून जोडतात. तेही मूठभरच आहेत. शिवाय टीसीजीएतल्या ऊती शस्त्रक्रियेतून आलेल्या, जीटेक्समधल्या मृत्यूनंतर घेतलेल्या. सगळे ट्यूमर एका प्रकल्पातले आणि जवळपास सगळे नॉर्मल दुसऱ्या प्रकल्पातले असले, की दिसणारा फरक आजाराचा की प्रकल्पाचा, हे कॉम्बॅटसारखं कोणतंही बॅच-दुरुस्तीचं साधन वेगळं करून देऊ शकत नाही.

त्यात गर्भाशयमुखाला दोन प्रकारचं अस्तर असतं: बाहेरून स्क्वॅमस (चपट्या पेशींचं), आतून ग्रंथींचं. टीसीजीएतले बहुतेक ट्यूमर स्क्वॅमस आहेत, काही अॅडिनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथींच्या अस्तराचे. दोन्ही एका टोपलीत घातले तर केआरटी-५ आणि टीपी-६३ वरखाली होताना दिसतील आणि ते कॅन्सरचे जीन वाटतील. खरं तर ते फक्त अस्तराची जात सांगत असतात. माझा सल्ला: स्क्वॅमसपुरतंच काम करा. तीन डेटासेट एकत्र कालवू नका. प्रत्येकात तुलना स्वतंत्र करा आणि तिन्हींत एकाच दिशेने हलणारे जीन घ्या. यादी लहान होईल, पण तिच्यावर विश्वास ठेवता येईल. प्रत्येक डेटासेटची मूळ पद्धतही वाचा. काही ठिकाणी सबंध बायोप्सीचा तुकडा वाटून आरएनए काढतात, काही ठिकाणी लेसरने नेमकी उपकलाच कापून घेतात. दुसऱ्या प्रकारच्या नमुन्यात इम्यून पेशी मोजायला जाणं व्यर्थ. त्या आधीच बाहेर ठेवलेल्या असतात.

मग काय करावं? गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये जीन आणि इम्यून पेशी यांना जोडणारा धागा डेटातच दिसतो, फक्त तो हब जीनच्या यादीत सापडत नाही. २०१७ साली टीसीजीएने २२८ ट्यूमरचा अभ्यास प्रसिद्ध केला. लक्षणीय प्रमाणात बिघडलेल्या जीनमध्ये तिथे एचएलए-ए आणि कॅस्पेज-८ नव्याने आले. एचएलए-ए म्हणजे पेशीच्या आतल्या प्रथिनांचे तुकडे बाहेर मांडणारी खिडकी. टी पेशी त्या खिडकीतून परकं काही आहे का ते पाहते. कॅस्पेज-८ लागतो तो टी पेशीने दिलेला मरण्याचा आदेश अमलात आणायला. ट्यूमरमध्ये हे दोन बिघडलेले सापडणं असं सुचवतं, की तिथे इम्यून पेशींचा दाब होता आणि त्यातून निसटलेल्या पेशी मागे उरल्या. याच अभ्यासात टी पेशींना थोपवणाऱ्या पीडी-एल-१ आणि पीडी-एल-२ या जीनच्या जादा प्रती काही ट्यूमरमध्ये आढळल्या. अॅपोबेक एन्झाइमच्या खुणाही ठळक होत्या. हे एन्झाइम विषाणूच्या डीएनएवर हल्ला करायला असतं आणि त्याच भरात आपल्याही डीएनएत बदल करून बसतं. शरीराची संरक्षण-व्यवस्था आणि कॅन्सरचे म्युटेशन इतके एकमेकांत गुंतलेले असे आजार थोडेच आहेत. मला या विषयाची ओढ लागली ती यामुळेच.

या धाग्यावर तुमच्यासाठी झेपेल असा प्रश्न सुचवतो. सीआयएन-३ पासून कॅन्सरकडे जाताना अँटिजेन (टी पेशी ओळखते ते प्रथिनांचे तुकडे) दाखवण्याची यंत्रणा, म्हणजे एचएलए-ए, एचएलए-बी, बी-२-एम, टॅप-१, कुठे ढासळते? आणि ती ढासळलेल्या ट्यूमरमध्ये सीडी-८ पेशी खरोखर कमी असतात, की असतात पण थकलेल्या असतात? पहिल्या भागासाठी सगळ्या पायऱ्या असलेला जीईओचा संच आहे, दुसऱ्यासाठी टीसीजीए. एक खाचखळगा आधीच सांगून ठेवतो: एचएलएचे जीन इम्यून पेशींतही भरपूर चालू असतात. ट्यूमरमध्ये टी पेशी जास्त आल्या की एचएलए आपोआप वाढलेला दिसतो आणि कॅन्सरच्या पेशींनी तो बंद केला असला तरी ते झाकलं जातं. म्हणून इम्यून अंश मॉडेलमध्ये घालून मगच तुलना करा. मग प्रकाशित सिंगल-सेल (एकेका पेशीचा) डेटा उघडा आणि उपकलेच्या पेशींपुरतं पाहा. निकाल टिकला तर मार्गदर्शकांपुढे ठेवायला ठोस काहीतरी असेल. नाही टिकला तरी तो लिहिण्याजोगाच.

हे नुसतं पुस्तकी नाही. पीडी-१ हा टी पेशींवरचा ब्रेक रोखणाऱ्या पेम्ब्रोलिझुमॅब या औषधाला या कॅन्सरसाठी अमेरिकेत पहिली मंजुरी २०१८ साली मिळाली, ती पीडी-एल-१ पॉझिटिव्ह असलेल्यांसाठी. तो स्कोअर काढताना ट्यूमरच्या पेशींबरोबर लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेजही मोजतात. कोणत्या पेशीचा जीन, हा प्रश्न तिथे औषध द्यायचं की नाही इथवर जाऊन पोचतो.

सर्व्हायव्हल अॅनालिसिसबद्दल, म्हणजे कोण किती काळ जगलं याच्या विश्लेषणाबद्दल, एक-दोन गोष्टी. जीनच्या पातळीवरून ‘जास्त’ आणि ‘कमी’ असे गट पाडताना पी-व्हॅल्यू सगळ्यांत लहान येईल असा कट-ऑफ शोधायची खोड अनेकांना असते. असा कट-ऑफ कुठल्याही निरर्थक जीनचाही सापडतो. मध्यक घ्या किंवा जीन सलग आकडा म्हणून कॉक्स मॉडेलमध्ये घाला. वय आणि स्टेज सोबत ठेवा. दुसरी गोष्ट कॅप्लान-मायर या आयुर्मान-आलेखाच्या पद्धतीची. फॉलो-अपमधून गळालेली बाई आणि फॉलो-अपमध्ये राहिलेली बाई यांचा धोका सारखाच, असं ते गृहीत धरतं. आपल्या भागात हे गृहीतक सहज मोडतं. रेडिएशन आणि ब्रॅकीथेरपी (आतून दिलेलं रेडिएशन) धरून उपचार आठ आठवड्यांच्या आत पूर्ण व्हावे लागतात. बीड किंवा धाराशिवची बाई दिवाळीनंतर ऊसतोडीला गेली, की कोयता टाकून मधेच येणं तिच्या हातात नसतं. उचल फेडायची असते. ती गळते ती आजार बरा झाला म्हणून नाही, आणि योगायोगाने तर मुळीच नाही. उद्या कुणी इथल्या रुग्णालयाचा डेटा तुमच्या हाती दिला, तर फॉलो-अप संपण्याचं कारण हा रकाना आधी मागा.

आता घरच्यांचा प्रश्न. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर म्हणजे काय, हे आपल्याकडे वेगळं सांगावं लागत नाही; बहुतेक गावांत कुणी ना कुणी या आजाराने गेलेलं असतं. पण या आजाराच्या जागतिक ज्ञानात मराठवाड्याचा किती मोठा वाटा आहे, ते आपल्यालाच फारसं ठाऊक नाही. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलने १९८७ साली सुरू केलेल्या ग्रामीण कॅन्सर नोंदणीत बार्शीबरोबर परांडा आणि भूम हे आपले तालुकेही होते. पुढे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात टाटा मेमोरियल, बार्शीचं रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेने मिळून एक मोठी चाचणी केली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, ५२ गट. काही गटांत एचपीव्ही चाचणी, काहींत पॅप स्मिअर, काहींत व्हिनेगर लावून तपासणी, आणि काहींत फक्त नेहमीची सेवा. २००९ साली निकाल आला: आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने पुढच्या आठ वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले. नेहमीची सेवा मिळालेल्या गटाला तपासणी दिली नव्हती यावर नंतर मोठा वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. त्या बायका आपल्या होत्या.

या निकालाशी तुमचा लॅपटॉप असा जोडला जातो. एचपीव्ही पॉझिटिव्ह येणाऱ्या बहुतेक स्त्रियांचा विषाणू वर्ष-दोन वर्षांत शरीरच साफ करतं. राहतात त्या थोड्या, आणि त्यांच्यातल्या कुणाचा सीआयएन-३ पुढे सरकणार, हे ओळखायला स्वस्त, खात्रीची खूण हवी आहे. तपासणीला एकदा आलेली बाई पुन्हा बोलावल्यावर येईलच असं नाही, म्हणून पहिल्याच नमुन्यातून जितकं कळेल तितकं मोलाचं. विषाणू साफ करणाऱ्या आणि न करणाऱ्या शरीरांतला फरक इम्यून पेशींत आहे. तुमच्या विषयाचा उपयोग इथे आहे.

यात एक मोठी अडचण अशी की आपण ज्या डेटावर शिकतो त्यात आपल्या बायका जवळपास नाहीत. युगांडातल्या ११८ रुग्णांचा जीनोम-अभ्यास २०२० साली आला. त्यातल्या ७२ स्त्रिया एचआयव्हीबाधित होत्या. तिथल्या परिस्थितीचं चित्र तिथल्याच नमुन्यांतून काढलं गेलं. आपल्याकडे लहान वयातलं लग्न आणि बाळंतपणं, रक्तक्षय, चुलीचा धूर, तंबाखूची मिश्री हे सगळं आहे. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भपिशव्या ‘नाहीतर कॅन्सर होईल’ अशी भीती घालून काढल्याचं २०१९ साली साऱ्या देशाने वाचलं. तिथे जीन-तपासणीची गरजच नव्हती; साध्या तपासणीने आणि दोन खऱ्या शब्दांनी काम झालं असतं. या विषयात काम करणाऱ्याने हे विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

म्हणून दुसरा टप्पा आत्ताच मनात ठेवा. मेडिकल कॉलेजांच्या पॅथॉलॉजी विभागांत जुने पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेले ऊतींचे तुकडे) जपून ठेवलेले असतात. थिसिसमधून दोन-तीन ठोस जीन निघाले, तर अंबाजोगाई किंवा छत्रपती संभाजीनगरच्या एखाद्या पॅथॉलॉजिस्टना भेटा आणि सीडी-८ व एचएलएच्या स्टेनसाठी एथिक्स कमिटीकडे रीतसर अर्ज करा. स्लाइडवर पेशी दिसतात. कोणत्या पेशीत जीन चालू आहे, याचा वाद तिथे मिटतो. ईआर, पीआर, एचईआर-२ वगैरे स्तनाच्या कॅन्सरच्या स्टेनची सवय असल्यामुळे बहुतेक विभागांना ही पद्धत नवी नाही.

लॅपटॉपचं म्हणाल, तर ८ जीबी रॅमवर जीईओ आणि टीसीजीएचं बल्क (सबंध तुकड्याच्या डेटाचं) काम आरामात होतं. सिंगल-सेलला ती अपुरी पडेल. तेवढ्यापुरतं गॅलक्सी किंवा गूगल कोलॅब ही ऑनलाइन साधनं वापरा. लोडशेडिंगमध्ये चालू असलेलं काम जातं, तेव्हा प्रत्येक टप्प्याची फाइल सेव्ह करत चला, सीड (यादृच्छिक आकड्यांचा आरंभ-आकडा) ठरवून टाका आणि आर भाषेच्या पॅकेजांच्या आवृत्त्या लिहून ठेवा.

पण कोडच्या आधी एक तक्ता बनवा: तिन्ही डेटासेटमधला प्रत्येक नमुना, अस्तराचा प्रकार, स्टेज, एचपीव्हीचा प्रकार, ऊत कशी घेतली, कोणत्या प्लॅटफॉर्मवर मोजली. जिथे माहिती नाही तिथे ‘नाही’ लिहा. तो तक्ता झाला की मला पाठवा. कोणती तुलना करता येते आणि कोणती नाही, हे त्यावरूनच ठरवू.